पाय बांधलेलं विमान

आमच्यात सुनेने सासूचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून इथेही घेत नाही. मी तिला अपा म्हणते. अपाचं म्हणणं असं की माझा बायतुर सव्वा वर्षाचा होऊनही चालत नाही, कारण त्याची आई हवेत असते. जिचे स्वतःचे पाय जमिनीला लागत नाहीत, तिच्या पोराचे कसे लागणार? मी विमान चालवते, ढगावर लोळत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. तिने मेदेरबेककडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो चहा ढवळत राहिला. त्याची सगळी मतं तो आईकडेच ठेवायला देतो.

शेवटी ठरलं ते असं, की ओश शहरात अपाच्या भावाच्या घरी बायतुरची दोरी कापायची. मूल उभं राहू लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. माणसं लांबून धावत येतात, जो पहिला पोचेल तो दोरी कापतो, आणि त्याची चाल मुलाला लागते. पहिला कोण येणार हे अर्थात आधीच ठरलेलं असतं. अपाने आपला भाचा उलानबेक नक्की केला होता. तो पैलवान आहे, मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळत नाही. आणि दोरी कापली की दुसऱ्या दिवशी मी नोकरीचा राजीनामा द्यायचा, हेही तिनेच ठरवलं होतं. मी हो म्हणाले नव्हते. पण आमच्या घरात गप्प बसलेली सून म्हणजे हो म्हणालेली सून. आत मात्र मी जळत होते.

बिश्केकहून निघालो ते सगळं बिऱ्हाड माझ्याच विमानात. नोकरी वाईट, पण नोकरीवर मिळणारी तिकिटाची सवलत चांगली, असं अपाचं धोरण. तिसऱ्या रांगेत ती बसली, मांडीवर बायतुर, शेजारी मेदेरबेक. तिने स्वतः वळलेली दोरी माझ्या गणवेशाच्या खिशात होती, कारण पिशव्यांत वस्तू हरवतात असं तिला वाटतं.

डोंगर ओलांडले, खालच्या खोऱ्यातल्या जर्दाळूच्या बागा दिसायला लागल्या. आम्ही उतरू लागलो, आणि ऑटोपायलट आपणहून सुटला. डावा पंख झुकला. आमचे कॅप्टन तेमिरकुल-बाइके, बाइके म्हणजे थोरले भाऊ, फार शांत माणूस. त्यांनी हँडल उजवीकडे वळवलं. ते चार बोटं वळलं आणि अडकलं. मी सहवैमानिक, माझ्या बाजूचं वळवून पाहिलं, तेही तिथेच थांबलं. पंख अजून झुकत होता.

तिसरी रांग माझ्या पाठीमागेच होती. बाइकेंनी दोन्ही हातांनी जोर लावला, त्यांची मान लाल झाली. काय अडकलंय ते दिसत नव्हतं, आणि असाच जोर लावला तर एखादी गोष्ट तुटेल अशी भीती मला वाटायला लागली.

"बाइके, ओढू नका," मी म्हणाले. "पाय बांधलेला घोडा आहे असं समजा. त्याला त्याच्या उड्यांनी जाऊ द्या."

बाइके घोडेवाल्याचा मुलगा. रात्री चरायला सोडताना घोड्याचे पुढचे पाय बांधतात, तरी सकाळी तो कुठल्या कुठे जाऊन पोचलेला असतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी हात सैल केले. मी उजवं पेडल दाबलं, डाव्या इंजिनाला थोडा जोर दिला, उजव्याचा थोडा काढला. विमानाने नाक उजवीकडे नेलं आणि पंख कुरकुरत वर आला. एवढंच जमत होतं. थोडं दाबायचं, थांबायचं, काय होतं ते बघायचं. डोंगराच्या बाजूला तीव्र वळण घेणं शक्य नव्हतं, म्हणून खोऱ्यावर लांब जाऊन सरळ रेषेत यायचं ठरवलं. खाली तसं कळवलं. बाइके रेडिओ आणि चाकं बघत होते, पेडल आणि इंजिनं माझ्याकडे होती.

टेकलो तेव्हा जरा डावीकडे घसरलो, मग सरळ झालो. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्यांनी तोंडावरून हात फिरवून देवाचे आभार मानले. धावपट्टीवरून वळताना बाइकेंनी हँडल सहज फिरवून पाहिलं. ते चहातल्या चमच्यासारखं दोन्हीकडे फिरलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मला हसू फुटलं. ते थांबेना.

जिन्याखाली अपा उभी होती. "एवढा वळसा कशाला?" ती म्हणाली. "टॅक्सीवाले करतात तसं?" मी बायतुरच्या मानेत नाक खुपसलं.

इंजिनिअरांनी विमान उघडलं, तारा बघितल्या, चाकं बघितली, हँडल शंभरदा फिरवलं. काही सापडलं नाही. एकाने मला हळूच विचारलं, बाई, चुकून तुमचाच गुडघा तर लागला नव्हता? त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मला खरी काळजी वेगळीच होती. हँडल अडकल्याचं अपाच्या कानावर गेलं की माझी नोकरी संपली. मी बाइकेंना बजावलं, उद्या जेवायला या, पण तोंडाला कुलूप लावून या.

आता आमच्या मेजवानीत दोन शब्द बोलल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत, आणि बाइकेंना खोटं बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात पुलाव झाला, कुमिसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे फिरले, आणि त्यांची पाळी आली. ते उभे राहिले, बायतुरला दीर्घायुष्य चिंतलं आणि सगळं सांगून टाकलं. घोड्यासकट.

मेदेरबेकच्या हातातलं हाड तसंच राहिलं. अपाने वाडगा खाली ठेवला. ती डोंगरातल्या कुरणावर वाढलेली, लग्नाआधी घोड्यावरून उतरलेली कुणी पाहिली नव्हती म्हणतात.

"माझा नातू होता त्यात," ती म्हणाली.

"होता," बाइके म्हणाले.

"आणि पेडलवर पाय कुणाचे होते?"

"हिचे."

अपाने माझ्याकडे बघितलं, आधी तोंडाकडे, मग पायांकडे. "पाय बांधलेल्या घोड्यावरून डोंगर उतरलीस," ती म्हणाली. "मला नसतं जमलं."

मग धावण्याची वेळ झाली. बायतुरला अंगणाच्या टोकाला उभं केलं, पायांत दोरी बांधली. दुसऱ्या टोकाला सगळे रांगेत उभे राहिले, पुढे उलानबेक, दंड थोपटत. अपा उठली, चालत गेली, आणि तिने त्याच्या कमरेचा पट्टा मागून धरला.

"तू बस," ती त्याला म्हणाली. आणि मला, "तू धाव."

सून सासरच्या माणसांसमोर धावत नाही. मी बूट काढले आणि धावले. एक चुलतसासू मला मागे टाकणार होती, पण ऐनवेळी तिला ठसका लागला. खरा की खोटा, मी विचारलं नाही. मी पोचले तेव्हा अपा सुरी घेऊन उभी होती. मूठ माझ्याकडे करून तिने ती दिली.

"सोमवारी विमान किती वाजता आहे तुझं?" तिने विचारलं. "पोर माझ्यापाशी राहील."

डोळे इतके भरले होते की दोरी नीट दिसेना, तिनेच माझं मनगट धरून सुरी जागेवर नेली. दोरी कापली. बायतुरने पायांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि चालायला लागला.

सगळं अंगण ओरडत होतं, सरळ ये, सरळ ये. तो डावीकडे झुकला, डावीकडे वळला आणि कुमिसच्या भांड्यावर जाऊन आदळला. अपा हसून हसून जमिनीवर बसली.

आता तो चांगला चालतो. डावीकडे मात्र अजून ओढतो. डॉक्टरांनी बघितलं, काही सापडलं नाही.