लाल अंगठा

"त्या चिन्याच्या कागदावर तुझं अक्षर नको गं," शेजारच्या सुमनबाईंनी बजावलं होतं. "तुझ्या मालकांचं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात अजून टेंपररीच आहे. पोलिसांचा रिपोर्ट यायचाय."

"अहो, माशांची चित्रं आहेत ती."

"मासेसुद्धा तिकडचेच ना? पण शिकलेल्यांना कोण सांगणार!"

मी हसले होते. आता तोच जप्त केलेला कागद माझ्या चटईवर पसरून साध्या कपड्यांतला पोलीस बसला होता. दीड वर्षाच्या प्रज्ञाला मी मांडीवर घट्ट धरलं होतं.

वेन काकांचा नाशकात रविवार कारंज्याजवळ दातांचा दवाखाना. बासष्टच्या लढाईला बारा वर्षं झाली, तरी त्यांची चौकीवरची हजेरी सुटली नव्हती. देवळालीच्या लष्करी छावणीतल्या क्लबातल्या इंग्रजी बोलणाऱ्या बायकांनी त्यांची चित्रं मागवली. काकांना परवानगीशिवाय शहराबाहेर जाता येत नव्हतं, म्हणून चित्रांखाली इंग्रजीत माहिती हवी होती. ती मी लिहिली.

दोन मासे, बाकी कागद कोरा. "यात पाणी कुठंय, काका?" मी विचारलं होतं.

"बघणारा आणेल. मॅडम लोकांना तेवढंच सांगा." मग कुंचला उभा धरून त्यांनी कडेला चिनी अक्षरं लिहिली. "आणि हे पण सांगा. रेघ एकदाच. तुमच्यासारखं गिरवायचं नाही."

शेवटी त्यांनी लाल शाईची डबी उघडून आपला शिक्का उमटवला. त्यांच्यात ज्याला चित्र आवडलं तोही उमटवतो म्हणे. माझ्याकडे कुठला शिक्का? तेवढ्यात प्रज्ञानं डबीत अंगठा बुडवला. काका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि त्यांनी तिचा तोच अंगठा कागदावर टेकवला.

"हा अंगठा कुणाचा?" पोलिसानं विचारलं. "करारावर असतो तसा दिसतोय."

"मला काय माहीत?"

"आणि हे इंग्रजी? वेन म्हणतो, सगळं मीच लिहिलं."

मी कागदाकडे पाहिलं. माझ्याच वळणाची अक्षरं. काकांना इंग्रजीत सहीसुद्धा येत नव्हती.

"तुमचं त्याच्याकडे जाणं-येणं आहे, म्हणून विचारतो. त्याला इंग्रजी येतं का?"

प्रज्ञाला लाल ठसा दिसला. तिनं अंगठा ताठ केला आणि हसत कागदाकडे झेपावली. मी तो अंगठा मुठीत धरला. ती रडायला लागली.

"बाई?"

"येतं," मी म्हणाले.

त्यानं वहीत काहीतरी टिपलं, कागदाची गुंडाळी केली. "मालक पर्मनंट होतायत ना? पेढे ठेवा आमच्यासाठी," असं म्हणत चपला घातल्या.

महिन्याभरात पर्मनंटची ऑर्डर आली. सुमनबाईंना पेढे दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला परत चौकीत बोलावलंय म्हणे." मी पेढ्यांचं ताट उचलून आत नेलं.

भाजीला मी आता लांबच्या रस्त्यानं जाते. तुम्ही कधी रविवार कारंज्यावरून गेलात, तर दातांच्या कवळीचं चित्र असलेली निळी पाटी शोधा. बाहेरून कुलूप नसेल तर पडदा सारून आत बघा. ते असतील, तर जेवलात का म्हणून विचारा. माझं नाव सांगू नका. फक्त मला येऊन सांगा.