खणातला नादकाटा

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. पोलादाचे दोन दांडे आणि खाली एक मूठ, एवढाच माझा देह. गुडघ्यावर आपटलं की मी बोलतो आणि जन्मभर एकच स्वर बोलतो, पाश्चात्य सप्तकातला ‘ला’. गाणारे त्यावरून आपला सूर जुळवून घेतात. कुणी कितीही मनधरणी केली तरी त्यात केसभर फरक पडत नाही. याला माझा गुण म्हणा, नाहीतर खोड.

गाणं शिकवणाऱ्या पुजोल गुरुजींनी मला सेर्नें एस्कुबाच्या हातात ठेवलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. बाप फ्रान्समधल्या तुलूझ गावात दारूची पिंपं बनवायचा. सेर्नेंचा आवाज उंच चढायचा, पण घाईने. गुरुजी म्हणाले, “आवाज देवाने दिलाय, लेका. काटा मी देतोय. दोघांचं पटलं नाही, तर काट्याचं ऐक.”

पुढची वीस वर्षं मी त्याच्या खिशात काढली. बोर्दो, रुआं, लिल अशा गावोगावच्या ऑपेरांत तो कधी राजपुत्र झाला, कधी कैदी. रंगमंचावर जाण्याआधी तो मला आपटायचा, कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. टाळ्या त्याला पडत. मला तो एक क्षण पुरायचा.

मग तो गावी परतला. तुलूझची रीत अशी, की नव्या गायकाने तीन संध्याकाळी गाऊन दाखवायचं. तिसऱ्या संध्याकाळी व्यवस्थापक प्रेक्षकांना विचारणार, “ठेवायचा का याला?” टाळ्या पडल्या तर ठेवायचा, शिट्ट्या पडल्या तर घालवायचा. गावचा मुलगा म्हणून सूट नाही.

दोन संध्याकाळी निभावल्या. तिसऱ्या दिवशी रंगपटात त्याची बायको झेली त्याच्या गळ्याची फीत बांधत होती. तो हळूच म्हणाला, “शेवटचं गाणं अर्धा स्वर खाली घ्यायला सांगितलंय वादकांना. कुणाला कळणार आहे?”

“तुलूझमध्ये? अरे, इथे न्हावीसुद्धा गात गात दाढी करतो!”

“वरचा स्वर फुटला तर मी संपलो, झेली.”

त्या दिवशी त्याने मला आपटलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. आरशाखालचा खण उघडून मला आत टाकलं.

वाद्यांतून माझा स्वर उमटला की मी जिथे असेन तिथे आपोआप थरथरतो. त्या गाण्यात तो हमखास येतो. मी वाट पाहिली. पण वाद्यं अर्धा स्वर खाली वाजत होती; गाणं संपलं, तरी मी गप्पच होतो. मग शिट्ट्या ऐकू आल्या. खूप वेळ ऐकू आल्या.

नंतर बास्कूल चांभार तरातरा रंगपटात आला. लहानपणी दोघे एका गल्लीत खेळलेले. “अर्धा स्वर कुठे सांडलास रे?” तो ओरडला आणि एकाएकी रडायलाच लागला. “फुटू द्यायचा होतास, गाढवा! फुटला असता तरी टाळ्या वाजवल्या असत्या आम्ही. तू आमचा होतास ना!”

सेर्नें पुन्हा कधी गायला नाही. घरी आल्यावरही माझ्या वाट्याला खणच आला. सोबतीला सुकलेली फुलं आणि एक तुटकं बटण. मित्रांनो, मला गंज चढला त्याचं दुःख नाही. पण आपटल्याशिवाय मला बोलता येत नाही आणि तेरा वर्षं मला कुणी आपटलं नाही. तो पलीकडच्या खोलीत एकटा खोकायचा, मी इकडे एकटा पडलेलो. दोघांत एका भिंतीचं अंतर होतं.

झेली गेली. मग त्याचे कानही गेले. एकदा चष्मा शोधताना त्याचा हात माझ्यावर पडला. त्याने मला गुडघ्यावर आपटून कानाशी धरलं. काहीच ऐकू येईना. मग माझी मूठ त्याने कानामागच्या हाडावर टेकवली.

मी हाडातून बोललो आणि त्याला ऐकू आलो.

त्याने मला पुन्हा आपटलं आणि पुन्हा हाडावर टेकवलं. मग फाटक्या आवाजात माझा स्वर गुणगुणू लागला. आवाज मध्येच फुटला. तो थांबला नाही.

आता रोज सकाळी आम्ही दोघे बसतो. जगात त्याला एवढंच ऐकू येतं. मित्रांनो, तुमच्याजवळही खरं बोलणारं कुणी असेल. ऐकायची भीती वाटली, तरी त्याला खणात टाकू नका. ते तिथेही तुमचीच वाट पाहत असतं.