वाफा झाकायचा दिवस

थोरलीच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांची जमीन हिवाळ्यात दगडासारखी गोठते ती. आणि दुसरी, नुसती कुंड्यांना पाणी घालणारी. धाकटी बहीण दुसऱ्या प्रकारातली. लग्न करून ती खाली उष्ण मुलखात गेली, गच्चीवर रोपं करून विकू लागली, आणि वर फोनवरून सल्लेही द्यायला लागली! "हिच्याकडचा हिवाळा म्हणजे काय," थोरली म्हणायची, "सकाळी स्वेटर घालायचा आणि दहाच्या आत काढून ठेवायचा."

थोरलीचे उंचावरच्या थंड गावात अल्स्ट्रोमेरियाचे, म्हणजे लिलीसारख्या फुलांचे, चार वाफे होते. त्यातल्या कडेच्या वाफ्यात तिचं स्वतःचं फूल होतं. या झाडाचे पराग त्या झाडाला लावायचे, बी पेरायचं, फुलली की शेकडो रोपं नाक मुरडून उपटून टाकायची, असं नऊ वर्षं केल्यावर देवानं ते पदरात टाकलं होतं. विटकरी पाकळ्या, आत पिवळा उजेड, त्यावर तपकिरी रेघा. बियांतून ते पुन्हा तसं येत नाही, कंदाचा तुकडाच लावावा लागतो. असा एक तुकडा धाकटीनं दोन वर्षांपूर्वी मागून मागून नेला होता.

"ने बाई. तुझ्या भट्टीत आठ दिवस टिकला तर कळव."

टिकल्याचं धाकटीनं कळवलंही. थोरलीनं मनावर घेतलं नाही. चार पानं काय, तणही काढतं.

तर त्या वर्षी थंडी पडायचीच लांबली. वाफा झाकायचा थोरलीचा नेम ठरलेला: देठ थंडीनं काळे पडू द्यायचे, वरची दोन बोटं माती कडक होऊ द्यायची, मग वीतभर पालापाचोळा आणि त्यावर ताडपत्री. अजून देठ हिरवे होते. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, तुमच्याकडे अजून ऊन आहे म्हणे? इतक्यात झाकू नकोस हं. खालची माती गरम असेल, कंद कुजतील."

झालं! हेच थोरली स्वतः शेजारणीला सकाळी सांगून आली होती. पण तेच धाकटीच्या तोंडून आलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, तू मला शिकवतेस? गोठलेली माती फोटोत तरी पाहिलीस का कधी?"

"नाही गं, मी आपलं..."

"आपलं आपल्या गच्चीवर ठेव."

फोन आपटून ती तडक बाहेर गेली आणि हिरवे देठ दाबून, ओला पाचोळा रचून, ताडपत्री ओढून तिनं कडेचा वाफा झाकला. नेमका तोच. बाकीचे तीन तिनं नेहमीसारखे, महिन्याभरानं झाकले.

वसंतात तीन वाफ्यांत कोंब आले. चौथ्यात हात घातला तर कंदांचा नुसता चिखल. थोरलीनं कोपरापर्यंत माती चाळली. बोटभरही जिवंत मूळ सापडलं नाही. नऊ वर्षं बोटांवरून घळाघळा ओघळली.

तिसऱ्या दिवशी ती बसमधून उतरली ती धाकटीच्या दारात. न कळवता. वाटभर मनाची तयारी करत होती की तिथं कुंडीत एखादी वाळकी काडी असेल, आणि तरीही ती मागावी लागेल.

गच्चीत ऊन रणरणत होतं. पण पाण्याच्या टाकीआड, दिवसभर सावली असते तिथं, एका मोठ्या कुंडीत दुसरी कुंडी बसवलेली होती आणि मधल्या फटीत ओली वाळू. थोरलीनं मातीत बोट खुपसलं. गार! आणि वर तेच विटकरी फूल, तीन दांड्यांवर उमललेलं.

"कुंडी वाकडी आहे," ती म्हणाली.

"असेल," धाकटी म्हणाली. "तुझा वाफा गेला ना, ताई?"

"कुणी सांगितलं?"

"तू माझ्याकडे आलीस."

थोरलीच्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं. आयुष्यात प्रथमच असेल.

"तू झाकू नको म्हणालीस, म्हणूनच झाकलं मी त्या दिवशी," ती कुंडीकडे बघत म्हणाली. "एक तुकडा दे."

"देईन की. निम्मा गड्डा देईन. पण आत्ता नाही. बहरात आहे, या उन्हात मुळं मोडली तर तुझाही जाईल आणि माझाही. इकडची हवा गार होऊ दे."

"इकडची हवा कधी गार होते, ते मला काय ठाऊक!"

"मी सांगेन तेव्हा ये."

थोरलीनं पदरानं घाम पुसला. या असल्या हवेत माणसं राहतात तरी कशी, हे तिला खरंच कळत नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "फोन कर."