सतरा नंबरची स्टाउट

बाईंनी ग्लास गोल हलवला, तळहाताने झाकला, मनात तीनपर्यंत मोजलं आणि हात काढून नाक आत घातलं. एकच छोटा श्वास. मग मान बाजूला. मग पुन्हा एकदा. शेजारी बसलेल्या बेकरीवाल्याने तोवर तीन घोट घेतले होते. तो गमतीने त्यांच्याकडे बघत होता.

"पिऊन तरी बघा," तो म्हणाला.

"बघते. आधी आत कोण कोण आहे ते कळू दे."

आत बरेच जण होते. पिकलेलं केळं होतं, लवंग होती, त्यांच्या मागे संत्र्याची साल आणि अगदी तळाला ओला पाव. या बेल्जियन एल जातीच्या बिअरमध्ये केळं किंवा लवंग कुणी घालत नाही, ही सगळी करामत एकट्या यीस्टची, असं समोर बसलेल्या मुख्य परीक्षकांनी सांगितलं तेव्हा बाईंना टाळी वाजवावीशी वाटली. त्रेसष्टाव्या वर्षी, चारचौघांत, दुसऱ्याच ग्लासाला टाळी बरी दिसली नसती. त्यांनी पेन्सिल घट्ट धरली आणि तक्ता भरायला घेतला. वासाला बारापैकी दहा. मग घोट घेतला, आणि केळं जिभेवरही आलं तसा तो दहाचा आकडा खोडून अकरा केला.

घरगुती आणि छोट्या बिअरवाल्यांची ती स्पर्धा होती. टेबलावर बाटली येत नसे, नुसते नंबर लावलेले ग्लास येत. कुणाची बिअर कुठली, हे फक्त आयोजक केमिस्टला ठाऊक. ही केमिस्ट एके काळी बाईंच्या हाताखाली शिकलेली.

बाईंची सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत गेली होती. बत्तीस वर्षं. रोज सकाळी शहराच्या टोकाटोकांवरून पाण्याच्या बाटल्या यायच्या. बाई ते पाणी चंबूत कोमट करायच्या, बूच काढून हुंगायच्या आणि वहीत लिहायच्या: वास नाही. ज्या दिवशी शेवाळाचा, गंजाचा किंवा क्लोरीनचा वास लागायचा त्या दिवशी केंद्रात पळापळ. पुढे यंत्रं आली, पण यंत्राचा आकडा बघून झाला तरी साहेब विचारायचेच, बाई काय म्हणतात? पाठीमागे सगळे त्यांना नाकबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांचा त्यावर रागही नव्हता. पण काहीच सापडू नये म्हणून इतकी वर्षं शोधत राहायचं, हे काम तसं अजबच. चांगला वास कसला, हे त्यांना नोकरीत कुणी कधी विचारलं नव्हतं.

म्हणून केमिस्ट घरी आली आणि म्हणाली की एका टेबलाला सर्टिफिकेटवाले परीक्षक दोनच मिळालेत, आता एक नाक हवंय, तेव्हा बाई चहा ओतता ओतता थांबल्या. त्यांनी आयुष्यात बिअर चाखली नव्हती. केमिस्ट म्हणाली की हे उलट बरं, आवडनिवड आड येणार नाही, बाकीचं मी शिकवते.

घरात बाई आणि त्यांची नणंद, दोघीच. बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. नणंदेने लग्न केलं नव्हतं, शाळेत शिवण शिकवून ती निवृत्त झाली होती. ती मशीनवर बसून सगळं ऐकत होती. केमिस्ट गेल्यावर तिने दातांतली टाचणी काढली.

"वहिनी, लोक या वयात सोडतात."

"काम आहे, वन्सं."

"काम म्हणून पिणारे मी पुष्कळ बघितलेत," वन्सं म्हणाल्या आणि पुन्हा मशीन चालवू लागल्या. पण पुढचा आठवडाभर केमिस्टने आणून दिलेल्या वासांच्या बारीक कुप्या बाई डोळे मिटून ओळखायला बसल्या, तेव्हा कुप्यांची अदलाबदल करून त्यांची परीक्षा घ्यायला वन्संच बसत. एकदा त्यांनी मधेच मशीनच्या तेलाची कुपी सरकवली. बाईंनी तीही ओळखली.

सकाळचा बेल्जियन एलचा भाग बाईंना पुरला नाही. एकीत मनुका होत्या, एकीत मिरी, एकीत मधाचं पोळं. एकीला आंबूस कुबट वास होता आणि तोही त्यांनी हौसेने लिहिला. जेवणाच्या सुट्टीत त्या जागेवरून हलल्या नाहीत. भरलेले तक्ते पुन्हा वाचत बसल्या. केमिस्ट जेवायला ओढू लागली तर म्हणाल्या, "आता काही खाल्लं तर नाक बिघडेल."

दुपारी स्टाउट जातीच्या बिअर आल्या. काळ्याकुट्ट, वर खाकी फेस. पहिल्या ग्लासात कॉफी होती, कोको होता आणि करपलेला पाव. बाई क्षणभर दचकल्या. केंद्रात करपल्याचा वास आला की पंपाची मोटर जळालेली असायची. इथे त्याला मार्क मिळत होते.

तिसऱ्या ग्लासाला मात्र त्यांचं नाक अडलं. जखमेला लावायच्या चिकटपट्टीचा वास. मुख्य परीक्षकांनाही तो लागला. औषधी वास, दोष, असं लिहून त्यांनी पन्नासपैकी पंधरा मार्क दिले. चौथ्यालाही तेच. मग सतरा नंबरची स्टाउट आली आणि तिलाही तेच. मुख्य परीक्षक वैतागले. हे हौशी लोक भांडी धुवत नाहीत, त्यात जंतू वाढतात आणि मग असले वास येतात, असं म्हणत त्यांनी पुन्हा पंधरा लिहिले. बेकरीवाल्याने सोळा. विसाच्या खाली राहिलेली बिअर अंतिम फेरीतून बाद, असा नियम होता.

बाईंनी पेन्सिल उचलली, पण टेकवली नाही. चिकटपट्टीच्या खाली काहीतरी फार सुंदर दडलं होतं, याची त्यांना खात्री होती. आणि वरचा तो वास त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. क्लोरीन नको त्या गोष्टीत मिसळला की असाच वास येतो. केंद्रात तो त्यांनी किती वेळा पकडला होता. पण त्याचीच भीती वाटली. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. बत्तीस वर्षं क्लोरीन हुंगलेल्या बाईला बिअरमध्येही क्लोरीनच दिसणार, असं कुणी म्हटलं तर? समोरच्या माणसाने वीस वर्षं हेच केलं होतं आणि आपला हा पहिला दिवस. आपण चुकलो तर आपलं जाऊ दे, केमिस्टची मान खाली जाईल.

टेबलावरचा मदतनीस ग्लास उचलायला आला. बाईंनी सतरा नंबरच्या ग्लासावर हात ठेवला.

"तीन नळांना एकच वास आला तर दोष नळात नसतो," त्या म्हणाल्या. "दोष मागे असतो."

मुख्य परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणजे काय, असं विचारलं. बाईंनी सांगितलं की तीन घरांत तीन माणसांनी केलेल्या बिअरला एकाच दुपारी तोच वास लागत नाही. सकाळी एकाही ग्लासाला तो नव्हता. मला ग्लास कुठे धुतात ते बघू द्या.

धुण्याची जागा मागच्या खोलीत होती. सकाळी तिथे गरम पाणी होतं. जेवणाच्या सुट्टीत गीझर बंद पडला, म्हणून धुणाऱ्याने बादलीत क्लोरीनचा जंतुनाशक द्रव टाकून ग्लास त्यातून काढायला सुरुवात केली होती, आणि घाईत नंतर स्वच्छ पाण्यातून काढायचं राहून गेलं होतं. आधी धुतलेले ग्लास पहिल्या दोन स्टाउटना पुरले, पुढचे सगळे बादलीतले. बिचारा घाबरला. बाईंनी त्याला म्हटलं की तुझी काही चूक नाही, तुला कुणी सांगितलंच नसेल. मग ओला ग्लास हुंगून त्यांनी तो मुख्य परीक्षकांच्या हातात दिला.

मुख्य परीक्षक माणूस कडक होता, पण सरळ होता. ग्लासाला वास आहे हे त्यांनी मान्य केलं, पण बिअरमध्ये तो यामुळेच आला हे सिद्ध व्हायला हवं, असं म्हणाले. केमिस्टने खोक्यातले कोरे ग्लास काढले आणि स्वच्छ पाण्याने धुतले. सतरा नंबरची उघडलेली बाटली अजून होती. ती तिने पडद्यामागे तीन ग्लासांत ओतली, काही बादलीतले, काही कोरे: दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते परीक्षकांनी ओळखायचं होतं. मुख्य परीक्षक म्हणाले, आधी मी. इतर टेबलांवरचे लोकही उठून भोवती उभे राहिले.

मुख्य परीक्षकांनी पहिला ग्लास हुंगला, दुसरा हुंगला. तिसरा नाकाशी नेला आणि तिथेच थांबले. मग त्यांनी घोट घेतला. दुसरा घेतला. मग तो ग्लास बाकीच्या दोघांपासून दूर, स्वतःकडे ओढून घेतला.

"हा स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आणि हा पंधरा मार्कांचा नाही. बाई, तुम्ही बरोबर आहात."

त्यांनी आपला तक्ता फाडला. तिन्ही बिअर पुन्हा ओतायला सांगितल्या. बाईंनी नव्या ग्लासात नाक घातलं आणि जे मघाशी दडून बसलं होतं ते सगळं उठून समोर आलं: कॉफी, काकवी, जुनं चामडं, आणि धूर. त्यांना हसू आवरेना. बेकरीवाल्याला त्यांनी कोपराने ढोसलं, घ्या, घ्या लवकर. तो म्हणाला, सकाळपासून मी तेच सांगतोय तुम्हाला.

सतरा नंबर अंतिम फेरीत गेला आणि दुसरा आला. बाईंनी अडतीस दिले होते. निकालानंतर नंबरांची नावं उघडली, तेव्हा तो एका लिफ्ट मेकॅनिकचा निघाला. धिप्पाड माणूस, हातांच्या रेषांत वंगण बसलेलं. काय घडलं ते त्याला केमिस्टने सांगितलं होतं. तो बाईंसमोर येऊन उभा राहिला, आभार मानायचे होते ते राहिले आणि भलतंच बोलला.

"अडतीस का दिले? राग नाही, नुसतं विचारतोय."

बाईंनी त्याला बसवलं आणि सांगितलं की सातूचं माल्ट थोडं जास्त भाजलं गेलंय, गिळून झाल्यावर जिभेच्या मागे राख राहते. तेवढं सांभाळलं तर चव्वेचाळीस.

तो म्हणाला, "पाच वर्षं मित्रांना पाजतोय. सगळे मस्त म्हणतात. राख कुणी सांगितली नाही."

"मित्र आहेत ना," बाई म्हणाल्या.

तो मोठ्याने हसला. उरलेली न उघडलेली बाटली त्याने त्यांच्या पिशवीत ठेवली, आणि नको म्हणायची संधी न देता गेला.

घरी पोचल्या तेव्हा खिडकीतून अजून ऊन येत होतं. चपला काढायच्या आधीच बाई बोलायला लागल्या. बादली, बंद गीझर, तीन ग्लास, फाडलेला तक्ता. वन्संनी मशीन थांबवलं. मुख्य परीक्षकांनी काय म्हटलं ते त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग पिशवीतल्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"हीच का ती? मला नको. नुसता वास बघते."

बाईंनी दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. वन्संनी शिकवणीत बघितलं होतं तसं ग्लास हलवून नाकाशी धरला. करपलंय काहीतरी, म्हणाल्या. तोंड वाकडं केलं. पुन्हा नाकाशी नेला.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "हा दादाचा कोट."

बाईंचे यजमान कारखान्याच्या बॉयलरवर होते. पाळी संपवून आले की कोट दाराच्या मागे अडकवायचे. त्याला कोळशाच्या धुराचा वास, आणि पाळीभर प्यायलेली कॉफी त्यावर सांडलेली. तो कोट ते गेल्यावर पहिल्याच वर्षी कुणालातरी देऊन टाकला होता. बाईंना त्याचा वास दुपारीच, नव्या ग्लासातल्या दुसऱ्या श्वासाला आला होता. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता, आणि तो काही मेकॅनिकचा गुण नव्हता, म्हणून त्यांनी त्याचे मार्क धरले नव्हते.

"गार आहे अजून," बाई म्हणाल्या. "असा दोन्ही हातांत धरा. जरा गरम झाली की नीट येतो."

वन्संनी खुर्ची ओढली. दोघी ग्लास ओंजळीत धरून बसून राहिल्या.