पाहुणा झोपला

"बस की बाबा आता! सगळा गाव बघतोय."

"बसतोय गं. घाई कसली? पाणी कुठं पळून चाललंय का?"

ताओलोने एक पाय होडीत टाकला आणि परत बाहेर काढला. चौतीस वर्षं तो ह्या मोकोरोत, म्हणजे अरुंद लांबट होडीत, चढत आला होता, पण मागून. मागच्या टोकाला ताठ उभं राहायचं, लांब काठी तळातल्या वाळूत रोवायची आणि होडी पुढे ढकलायची, हे त्याचं काम. पुढची जागा पाहुण्यांची, म्हणजे फिरायला आलेल्यांची. तिथे गवताचा भारा अंथरलेला आणि त्यावर पाय कापून टाकलेली प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीवरची धूळ त्याने हजारदा झटकली असेल. तिच्यावर बूड टेकायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

"अरे, म्हाताऱ्या नवरीसारखा काय अडून बसलास?" शेजारच्या होडीतून डिखांग ओरडला. डिखांग ह्या नावाचा अर्थच मुळी 'बातम्या', आणि आईबापांनी नाव ठेवताना पुढचं सगळं ओळखलं असावं. "बस! नाहीतर संध्याकाळपर्यंत माऊनच्या बाजारात सांगून येईन, ताओलो पाण्याला भ्याला म्हणून!"

धक्क्यावर हशा पिकला. ताओलो चिडला आणि त्या चिडीतच खुर्चीत जाऊन आदळला. होडी डुलली. मागून त्याच्या लेकीने, बोइखुत्सोने, काठी टेकवून ती सावरली. किती सफाईने सावरली, हे त्याने पाहिलंच नाही, कारण मान वळवायची सोय नव्हती.

आज बोइखुत्सोची परवान्याची परीक्षा होती. बोरोच्या धक्क्यावर साठ होडीवाले, त्यांत बायका फक्त तीन. तिने हट्टच धरला होता. बापाची होडी बाप चालवू शकत नाही तर मी चालवणार, ती काय कोंबड्या बसायला ठेवायची का, असा तिचा सवाल होता. मार्च महिन्यात ताओलोच्या पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टरने काठी कायमची खाली ठेवायला सांगितली. तेव्हापासून तो अंगणात बसून होता. दिवसा डुलकी नाही आणि रात्री डोळा नाही. लेक झाली तेव्हा मोठ्या हौसेने त्याने तिचं नाव बोइखुत्सो, म्हणजे 'विसावा' ठेवलं होतं. "नाव ठेवलं विसावा, आणि त्या दिवसापासून मला कधी मिळाला नाही," असं तो जाईल तिथे सांगायचा. पण सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

परीक्षेला एक पाहुणा लागतो. ठरलेली परदेशी बाई आदल्या दिवशी मग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, एकामागून एक सात खाऊन बसली आणि आज तंबूतून बाहेर यायला तयार नव्हती. नियमात लिहिलं होतं 'कोणीही प्रौढ माणूस'. प्रौढ आणि रिकामा असा धक्क्यावर एकच होता.

माऊनहून आलेले परीक्षक रा मोसेकी, म्हणजे मोसेकीसाहेब, डिखांगच्या होडीत बसले होते. मांडीवर कागद, कानावर पेन, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. जुलैची सकाळ होती, थंडी मी म्हणत होती. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि पाणी मात्र काठोकाठ भरलेलं. ह्या मुलखाची तऱ्हाच उफराटी. पाऊस पडतो दूर अंगोलाच्या डोंगरात आणि पूर इथे येतो ऐन कोरड्या हिवाळ्यात, सावकाश, पाहुण्यासारखा.

"पाहुण्याने होडी कशी चालवावी ते सांगायचं नाही," रा मोसेकी म्हणाले. "एक शब्द जरी सांगितला तर परीक्षा रद्द. पुढची थेट पुढच्या पुरात. कळलं का, रा ताओलो?"

"कळलं."

"डावीकडे, उजवीकडे, जपून, हळू, यांतलं काहीही नाही."

"कळलं म्हणालो ना, रा. तोंडात मिठाची गुळणी धरतो." मग त्याला काहीतरी आठवलं. "टाळ्या वाजवल्या तर चालतील?"

"टाळ्या? कशाला?"

"परतीच्या वाटेवर उंबराचं बेट लागतं. तिथं माझा बाप पुरलाय. मी तिथून जाताना मानाच्या दोन टाळ्या वाजवतो."

"चौतीस वर्षांत एकदा चुकला नाही," डिखांगने साक्ष काढली. "एकदा तर मागं हत्ती लागला होता. हा गडी काठी काखेत धरून आधी टाळ्या वाजवतोय! मी म्हटलं, आज बापाला नुसती टाळी नाही, भेटच देणार हा."

रा मोसेकींनी कानावरचं पेन काढलं, विचार केला आणि परत ठेवलं. "टाळ्या चालतील."

होडी ढकलायच्या आधी डिखांग आपल्या होडीतून उतरून जवळ आला आणि ताओलोच्या कानाशी वाकला. "ऐक माझं. परतीला डोळे मीट आणि थोडं घोर. साहेब पण नदीकाठचेच आहेत, त्यांना अर्थ कळतो. पोरगी डोळे झाकून पास!"

ताओलो भडकला. धक्क्यावर कोणाला शाबासकी द्यायची झाली तर एवढंच म्हणत, 'त्याचा पाहुणा झोपला.' यापुढे प्रशस्तीपत्र नाही. होडी डचमळत असेल, काठी पाण्यात आपटत असेल, चालवणाऱ्याच्या मनात भीती असेल, तर माणूस जीव मुठीत धरून बसतो, झोपत नाही. ताओलोच्या होडीत माणसं भराभर झोपत. एक जर्मन न्यायाधीश तर तीन तास झोपला होता आणि उठल्यावर ताओलोचा हात धरून रडला होता. वर्षभर झोप नव्हती म्हणे त्याला. ताओलोला हसू आलं होतं तेव्हा. पाण्यात रडण्यासारखं काय आहे, आणि झोपण्यासारखं तरी काय?

"पाण्यावर सोंग करू?" तो डिखांगला म्हणाला. "बापासमोरून खोटं घोरत जाऊ? चल हो पुढं."

मागे बोइखुत्सोने हे ऐकलं की नाही, ते त्याला कळलं नाही.

होडी निघाली.

आणि पहिल्याच वळणावर ताओलोच्या जिवाची घालमेल सुरू झाली. त्याला काहीच दिसेना! उभं राहिल्यावर कसं, पार पलीकडच्या ताडांपर्यंत नजर जाते. कुठे पाणघोड्याचे बुडबुडे आहेत, कुठे हत्ती पाण्यात उतरलेत, सगळं आधी समजतं. इथे खाली दोन्ही बाजूंना लव्हाळ्यांच्या भिंती, डोक्याच्या कितीतरी वर गेलेल्या, आणि मधोमध हातभर पाणी. चौतीस वर्षं आपण माणसांना ह्या असल्या बोळातून नेत होतो? आणि ती मुकाट्याने बसत होती? पाहुण्यांच्या धीराचं त्याला पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

मग त्याच्या नाकासमोरून एक गवताची काडी सरकली. तिच्यावर एक बेडूक बसला होता. करंगळीच्या नखाएवढा, पांढरा, त्यावर कोणी बसून काढावेत असे तांबडे पट्टे. ताओलोने मान वाकवली. बेडकाने त्याच्याकडे पाहिलं. वरून तो कधी दिसलाच नव्हता. पाहुणे 'ओ ओ' करत बोट दाखवायचे तेव्हा ताओलो 'बेडूक' एवढंच म्हणून पुढे बघायचा.

त्यानंतर त्याला दिसायलाच लागलं. कमळं थेट डोळ्यांच्या उंचीवर होती, त्यांच्या दांड्या आत खोलवर गेलेल्या, आणि पाणी इतकं नितळ की तळातल्या वाळूवर होडीची सावली सरकताना दिसत होती. कमळपक्षी पानावरून पानावर चालत होता, घाईत असलेल्या कारकुनासारखा. ताओलोने पाण्यात हात घातला. थंडगार! चौतीस वर्षं त्याचे हात ओले असत, पण पाण्याला असा त्याने कधी हात लावला नव्हता. तो स्वतःशीच हसायला लागला. वळून कोणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं, पण मिठाची गुळणी होती. मग तो नुसताच हसत राहिला.

अर्ध्या वाटेवर पाणघोड्यांचा डोह आला आणि हसू पळालं.

डावीकडून. डोह नेहमी डावीकडून, काठाकाठाने ओलांडायचा. बापाने शिकवलेलं, त्याने लेकीला शिकवलेलं. आणि बोइखुत्सोने होडी थांबवली. काठीने होडीच्या कडेवर टकटक केलं आणि वाट पाहिली. पाणघोडा असला तर टकटकीला वर येतो, पण काहीच वर आलं नाही. मग होडीचं तोंड उजवीकडे वळलं. उजवीकडे! तिथे वाट तरी कुठे होती, नुसती लव्हाळी. ताओलोच्या तोंडात 'डावीकडे' हा शब्द आला, दातांपर्यंत आला. त्याने तिथलीच एक काडी उपटली आणि ती चावायला घेतली. पोरगी गोंधळली, त्याला वाटलं, आता गेली परीक्षा आणि आपणही गेलो.

होडी लव्हाळ्यांत घुसली, सळसळत दहा हात गेली आणि पलीकडे मोकळ्या पाण्यात निघाली. त्याच वेळी डावीकडच्या काठाशी, जिथून त्याने तिला जायला सांगितलं असतं नेमकं तिथेच, पाणी फुगलं. एक अजस्र डोकं वर आलं, फुस्स करून फवारा उडाला आणि कान फडफडले. शेजारी एक पिल्लूही होतं.

तिला वरून दिसलं होतं. त्याला खालून दिसलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती.

ताओलोने चावलेली काडी पाण्यात टाकली. त्याने पाठ टेकवली. मार्चपासून पहिल्यांदा पाठ कुठेतरी नीट टेकली होती.

होडी माघारी वळली. ऊन आता अंगावर आलं होतं. काठी पाण्यात जात होती, वाळूला लागत होती, निघत होती. थेंब टपटपत होते. आवाज त्याच्या ओळखीचा होता, पण आज तो मागून येत होता, लांबून, दुसऱ्याच्या हातातला. कुठेतरी मत्स्यगरुड ओरडला. उंबराचं बेट आलं की टाळ्या वाजवायच्या, त्याने मनाशी घोकलं. आता येईलच. पुढच्या वळणाला.

"उठ रे नाटक्या! आला धक्का!"

ताओलो दचकला. समोर डिखांग पोट धरून हसत होता. धक्क्यावरची माणसं टाळ्या पिटत होती.

"काय घोरला, काय घोरला! मी म्हटलं थोडं घोर, तर ह्याने पाणघोड्यालाच उत्तर दिलं!"

"मी नाटक नाही केलं," ताओलो म्हणाला. जीभ जड झाली होती.

"हो हो. आपला तो बाब्या!"

लोक आणखी हसले. बोइखुत्सो हसली नाही. तिने होडी वाळूवर ओढली, काठी आडवी ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "कशाला केलंस बाबा? मला नको होतं असं."

"अगं, खरंच झोपलो."

"दिवसा? तू? घरी गादीवर पडून छत मोजतोस, आणि माझ्या होडीत बरा झोपलास?"

"शप्पथ."

"राहू दे." तिचे डोळे भरले होते. "सोंगाचं प्रशस्तीपत्र घेऊन मी काय करू?"

आयुष्यभर ज्याने एक खोटी गोष्ट पाण्यावर केली नाही, त्याच्या खऱ्या झोपेवर पोटची पोर विश्वास ठेवायला तयार नव्हती. तो खुर्चीतून उठला, इकडे तिकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

"उंबर?" तो म्हणाला. "उंबराचं बेट कुठंय?"

"मागं राहिलं."

"कधी?"

"मघाशीच. अर्धा तास झाला."

त्याचे दोन्ही हात छातीपर्यंत उचलले गेले, आणि तसेच राहिले. धक्का होता, माणसं होती, बेट कुठेच नव्हतं. त्याने हात हळूच खाली घेतले. "टाळ्या राहिल्या गं," तो म्हणाला, लहान मुलासारखा.

बोइखुत्सो त्याच्याकडे बघत राहिली. डिखांगचंही हसू थांबलं. हत्ती मागे लागला असताना न चुकणारा माणूस सोंगापायी बापाला चुकला नसता, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"खरंच झोपला होतास," ती म्हणाली.

"तेच तर सांगतोय."

"राहिल्या नाहीत बाबा. मी वाजवल्या."

रा मोसेकी होडीतून उतरून आले. कागदावर बोट ठेवत म्हणाले, "त्याबद्दलच बोलायचंय. बेटाजवळ दोन्ही हात काठीवरून सुटले. खोल पाण्यात, पाहुणा असताना."

"हो, रा," बोइखुत्सो म्हणाली.

"चार गुण कापलेत." त्यांनी सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. "उरलेले पुरेसे आहेत. आणि आमच्या गावाकडं तीन वाजवतात."

एकच कल्ला झाला. डिखांगने तर टोपीच पाण्यात फेकली आणि मग ती काढायला स्वतःच उतरला. बायकांनी जीभ भरभर हलवत आनंदाच्या आरोळ्या दिल्या. बोइखुत्सोने कागद घडी करून छातीशी खोचला आणि लगेच कामाला लागली, कारण होडीत साचलेलं पाणी काढायचं असतं, परीक्षा असो नसो. ती पाठमोरी वाकली होती, बाह्या वर सरकवलेल्या.

ताओलोने आपले तळवे पाहिले. पाण्यावरून परत आल्यावर ते कधी कोरडे नसत. आज होते. त्याने आजूबाजूला पाहिलं, कोणाचं लक्ष नव्हतं. मग लेकीच्या पाठीकडे तोंड करून त्याने दोन टाळ्या वाजवल्या, अगदी हळू.