बरणीतला पीर

शुक्रवारी मजारीसमोर बायकांची रीघ लागली होती. प्रत्येकीच्या पदराआड काचेची बरणी, बरणीत चिचिरकनाकचं, म्हणजे आंबट नारिंगी फळांच्या काटेरी झुडपाचं, बोटभर रोप. माती नाही, पाणी घालायचं नाही.

"मजारीवरचं झुडूप थंडीनं मेलं, पण पीर मेला नाही," मजारीचा रखवालदार शेख मामासाली घोळवून घोळवून सांगत होता. "त्यानं आपला श्वास बरणीत भरलाय. रोप हिरवं तोवर मूल सुखरूप. फक्त झाकण उघडून रोज अदिराशमानच्या पाल्याचा धूर देत जा, दृष्ट लागायला नको." एका बरणीला एक मेंढी. पीराला मटण फार आवडत असावं.

बरण्या माझ्या होत्या. ते झुडूप वाळायला लागलं तेव्हा मीच त्याचे शेंडे शहरातल्या प्रयोगशाळेत नेले, दोन वर्षं खपून रोपं केली आणि मातीत लावायला शेखच्या हवाली केली.

रांगेतल्या बुरुलचाची बरणी आत पांढऱ्या केसांसारख्या तंतूंनी भरली होती. तिच्या कुशीतलं बाळ तापानं फणफणलं होतं, छाती भात्यासारखी हलत होती.

"दुसरी द्या, शेखबाबा."

"संपल्या. पीरानं या बाळाचं नाव पुसून टाकलं."

मी म्हटलं, "दवाखान्यात चल."

"आता नेऊन काय करू, ताई? बरणीबरोबर जीव गेलाय त्याचा. गावातल्या सायराकानचंही असंच झालं. बरणी पांढरी झाली, आठवड्यात मुलगी गेली."

मी बायकांकडे वळले. "रोज धूर कुणी दिला?" सात हात वर झाले. सातही बरण्या पांढऱ्या. "आणि एकदाही नाही दिला, असं कुणी आहे?"

म्हातारी उलकान ओशाळली. "गुडघे धरतात गं. अदिराशमान तोडायला टेकडीवर कोण चढणार?" तिची बरणी सगळ्यांत हिरवी होती.

"जिची श्रद्धा जास्त, तिचीच बरणी मेली," मी म्हणाले. "आत साखर घातलेली जेली आहे. वाफेवर जंतू मारून झाकण लावलंय, म्हणून ती टिकते. झाकण उघडलं की हवेतली बुरशी साखरेवर वाढते. बाळाचा यात काही संबंध नाही."

शेख खाली मान घालून जपमाळ ओढत राहिला. बुरुलचानं बरणी ओट्यावर ठेवली आणि बाळाला घेऊन माझ्या गाडीत बसली. न्यूमोनिया होता. चौथ्या दिवशी ताप उतरला.

परत आले तर सायराकान माझ्या दारात उभी. "मग माझीही वाचली असती?"

खोटं बोलायला जीभ उचलेना. "बहुतेक वाचली असती."

ती रडली नाही. त्या प्रश्नानं मला आजही झोप लागत नाही. पण आता गावात कुणाचं मूल तापलं, की सायराकान सगळ्यांच्या आधी तिथे पोचते. "धूर नको, नवस नको," म्हणते, "आधी दवाखान्यात ने."