श्रावणातलं बदक

१९ ऑगस्ट २००५ रोजी नारळी पौर्णिमा होती आणि वारही शुक्रवार होता. मेसईदच्या कंपनी वसाहतीतून दोह्याला जाणारी सुट्टीची बस त्या दिवशी आबासाहेब काटकर चालवत होता. सव्वाबाराला निघून तो एकला दोह्यातल्या बिन महमूदच्या कोपऱ्यावर पोचला. बसमधले बत्तीस जण उतरून बाजाराकडे गेले. परतीची वेळ चार. हातात तीन तास होते आणि तेवढ्यात त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. शालू माझी बायको आहे.

हे वाक्य वर्षभर राहून गेलं होतं.

आबासाहेब माण तालुक्यातला. कतारमध्ये अकरा वर्षं ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या व्हिसावर बायको आणता येत नाही, त्यामुळे दोन वर्षांतून एकदा पंचेचाळीस दिवस एवढाच त्याचा संसार होता. २००४ साली वसईच्या चार्ल्स लोपीसने त्याला विचारलं, गावाकडची एखादी विश्वासाची बाई मिळेल का? चार्ल्स मेसईदच्या प्रकल्पावर असताना दोन वर्षं रोज आबाच्या बसने जायचा. मग तो दोह्यातच वेस्ट बेच्या ऑफिसात गेला. त्याची बायको जेन एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. मुलगी सिमोना तीन वर्षांची होती आणि घरात तिच्याशी मराठी बोलणारं कोणीतरी हवं होतं.

आबासाहेब म्हणाला, माझ्या मामाची मुलगी आहे.

यात खोटं काही नव्हतं. केरबामामाची शालू त्याची बायकोच होती. त्याच्या गावाकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क आतेभावाचा असतो. तो सोडला तर लोक कारण विचारतात. वसईच्या लोपीस मंडळींत मामाची मुलं म्हणजे भावंडं. त्यांच्यात लग्न होऊ शकतं हे चार्ल्सच्या मनातही आलं नाही. जेनने मात्र एकदा विचारून घेतलं, “म्हणजे तुमची बहीणच ना?” विचारण्याला कारण होतं. आधीच्या बाईचा नवरा दोह्यातच राहायचा. रोज संध्याकाळी इमारतीखाली येऊन उभा राहायचा, आणि सातव्या महिन्यात त्या बाईला परत पाठवावं लागलं होतं. तेव्हापासून नवरा इथे असलेली बाई ठेवायची नाही, असं जेनने ठरवलं होतं. आबासाहेबाला हे ठाऊक होतं.

“व्हय, बहीणच,” तो म्हणाला.

कागदांनीही साथ दिली. शालूचा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून काढलेला, म्हणून त्यावर माहेरचं नाव होतं, शालू केरबा शिंगाडे. नवऱ्याच्या नावाची जागा एजंटाने रिकामी सोडली होती. गळ्यातल्या मंगळसूत्राबद्दल जेनने विचारलं तेव्हा शालूने सांगितलं, नवरा बाहेरगावी असतो. त्यांची नऊ वर्षांची मुलगी मधू आजीजवळ, तानूबाईजवळ राहिली.

नवरा-बायको एका देशात आले, पण बारा महिन्यांत ती दोघं एकदाही एकटी नव्हती. शुक्रवारी इमारतीखाली दहा मिनिटं, तीही सिमोनाचं बोट धरून. बाकी फोन. त्या काळात शालूने एक पथ्य पाळलं. लोपीसांसमोर तिने आबासाहेबाला कसलीच हाक मारली नाही. ‘अहो’ म्हणता येत नव्हतं आणि दुसरं काही ती म्हणणार नव्हती. फोनवर घरात कोणी नसलं की मात्र पहिला शब्द ‘अहो’ असायचा.

वर्ष झालं की चार्ल्सला सांगतो, असा शब्द त्याने दिला होता. तोवर सिमोनाला तुझा लळा लागेल, मग त्यांना तुला सोडवणार नाही, असा त्याचा हिशोब होता. शालूचं म्हणणं साधं होतं. पाठवलं परत तर जाईन, पण असं राहायचं नाही. चौदा ऑगस्टला वर्ष पुरं झालं. गुरुवारी जेनचा फोन आला, उद्या आमच्याबरोबर जेवायला या. शालूला वाटलं, काही सांगायचंय असं त्याने चार्ल्सच्या कानावर घातलं असणार. त्या रात्री फोनवर तिने विचारलं, “उद्या सांगताय न्हवं?” तो म्हणाला, “सांगतो.”

हॉटेल चिनी होतं. दाराजवळच्या काचेच्या कपाटात भाजलेली बदकं आणि कोंबड्या माना वाकड्या करून आकड्याला टांगलेल्या. खाली एक चिनी माणूस सुरा घेऊन उभा. ‘डुकराचं मांस मिळत नाही’ ही पाटी अरबी आणि इंग्रजीत. पुढच्या भागात एकटे पुरुष बसायचे, लाकडी पार्टिशनच्या पलीकडे फॅमिली. आबासाहेबाला फिलिपिनो मुलीने विचारलं, फॅमिली? तो क्षणभर थांबला आणि नाही म्हणाला. तिने त्याला पुढे, दोन बांगलादेशी माणसांच्या टेबलाशी बसवलं. वीस मिनिटांनी लोपीस मंडळी मिसा, म्हणजे शुक्रवारची ख्रिस्ती प्रार्थना, आटपून आली. चार्ल्सने मुलीला सांगितलं की हा आमच्याबरोबर आहे, आणि आबासाहेब पार्टिशनच्या आत गेला.

शालूने चॉकलेटी रंगाची नवी साडी नेसली होती. ती सिमोनाजवळ बसली, समोर तो.

ऑर्डर जेनने दिली. सगळ्यांना वॉन्टन नूडल्स, मध्ये एक अख्खं बदक आणि अर्धी कोंबडी. शालूला तेवढी भाज्यांची नूडल्स, तिचा श्रावण आहे म्हणून. आबासाहेबालाही श्रावण असेल हे जेनच्या लक्षात आलं नाही आणि तो बोलला नाही.

वाडगे आले. पातळ रश्श्यात बारीक नूडल्स, वर कोळंबी भरलेल्या पिठाच्या पुरचुंड्या. चार्ल्सने विचारलं, कसं वाटतं आबा? आबासाहेब म्हणाला, शेवयांच्या पाण्यात करंज्या सोडल्यागत दिसतंय. चार्ल्सला हे फार आवडलं. त्याने ते इंग्रजीत सिमोनाला सांगितलं आणि सिमोना म्हणाली, “डॅडा, आय वॉन्ट करंजी.”

मग बदक आलं, तुकडे करून, पुन्हा बदकाच्या आकारात मांडून. लाल कातडी तुपट चकाकत होती. जेन म्हणाली, आमच्याकडे लग्नात बदकाचं मोईल, मसाल्याचा रस्सा, लागतोच, पण असं भाजलेलं आम्ही इथेच खाल्लं. तिने मांडीचा तुकडा उचलून आबासाहेबाच्या ताटलीत ठेवला. पाहुण्याचा तुकडा, म्हणाली.

आबासाहेबाने ताटलीकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्याने श्रावण मोडला नव्हता. मेसच्या बिर्याणीतले तुकडे तो दर वर्षी शेजारच्या सुरजच्या ताटात टाकायचा. शालू त्याच्याकडे बघत होती. त्याने तुकडा उचलून खाल्ला आणि म्हणाला, “चांगलं झालंय.”

जेनने दुसरा वाढला. तोही त्याने खाल्ला.

बोलता बोलता जेनने शालूच्या नवऱ्याचा विषय काढला. वर्षभरात त्याचा फोन आलेला आपण ऐकला नाही, असं ती म्हणाली. काळजीने म्हणाली. शालूने वाडग्यातली कोबीची फोड बाजूला केली.

“बोलायचं असतंय त्यांना,” ती म्हणाली. “बोलायची वेळ येती तवा तोंडात घास असतोय.”

चार्ल्स मोठ्याने हसला. म्हणाला, सगळे नवरे तसेच. आबासाहेब चावत होता. त्याने घास गिळला, पाणी प्यायला आणि चार्ल्सकडे वळला. “साहेब, एक सांगायचं हुतं,” तो म्हणाला. शालूने चमचा खाली ठेवला.

“एक मिनिट, आबासाहेब,” जेन म्हणाली. “आधी माझं. नाहीतर सिमोना फोडून टाकेल.”

तिने पर्समधून कागदी पुडी काढली. आत लाल गोंड्याची, मध्ये सोनेरी फूल असलेली राखी होती. ती इंडियन दुकानातून बुधवारीच आणून ठेवली होती. पेढ्यांचा छोटा डबाही होता. जेन म्हणाली, “आज राखी आहे हे लॅबमधल्या मुलींनी सांगितलं. म्हटलं, वर्षभर ही आमचं घर सांभाळते, भाऊ तासाभराच्या अंतरावर आणि हिला सणाला भेट नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं.”

तिच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद होता की त्याच्याकडे बघणं कठीण होतं. चार्ल्सने कॅमेरा बाहेर काढला. फिलिपिनो मुलीने कोणाच्या तरी वाढदिवसाची उरलेली मेणबत्ती बशीत लावून आणली. सिमोना खुर्चीवर उभी राहिली.

शालूने राखी हातात घेतली. ती नवऱ्याकडे बघत राहिली. घाई करत नव्हती. तिच्या मते आता त्याला बोलायला यापेक्षा सोपी जागा नव्हती. तो नुसता हसला असता आणि ‘मॅडम, घोटाळा झालाय’ म्हणाला असता तरी चाललं असतं.

आबासाहेबाने कागदी रुमालाने बोटांचं तेल पुसलं. एकेक बोट पुसलं. मग उजवा हात टेबलावरून पुढे केला.

तिने राखी बांधली. दोन गाठी मारल्या, वर तिसरी मारली. मेणबत्तीची बशी त्याच्यासमोर फिरवली. चार्ल्सने दोन फोटो काढले, पहिल्यात सिमोनाचं डोकं मध्ये आलं म्हणून दुसरा. जेनने पेढा पुढे केला आणि विचारलं, ओवाळणी काय घालणार बहिणीला?

“ओवाळणी नको,” शालू म्हणाली. “एक शब्द दिल्याला हाय. तेवढा पाळा म्हणावं.”

“कसला शब्द?” जेनने आबासाहेबाला विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. पार्टिशनपलीकडे सुरा फळीवर चालल्याचा आवाज येत होता.

“तिच्या पोरीच्या शिक्षणाचं मी बघीन,” आबासाहेब म्हणाला. “ते म्हणती ती.”

जेनचे डोळे भरून आले. असा भाऊ नशिबाने मिळतो, ती म्हणाली. चार्ल्सला आठवलं की आबाला काहीतरी सांगायचं होतं. आबासाहेब म्हणाला, विशेष काही नाही, बसचा टाइम बदलणार आहे पुढच्या महिन्यापासून.

शालूने पुढे काही खाल्लं नाही. सिमोनाला तिने उरलेल्या करंज्या फोडून भरवल्या. निघताना जेनने नूडल्स संपवली नाहीस म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, उपास धरते आज. साडेतीनला आबासाहेब बसकडे गेला. राखी त्याने बसमध्ये चढल्यावर सोडायचा प्रयत्न केला, पण तिन्ही गाठी ओल्या हाताने मारलेल्या, घट्ट बसल्या होत्या. बत्तीस माणसं चढत होती. सुरजने मनगट बघून विचारलं, बहीण कुठून काढली हो आबा? आबासाहेबाने गिअर टाकला.

सोमवारी त्याने फोन केला. ती वेळ चार्ल्स आणि जेन कामावर असण्याची होती.

“हां दादा,” शालू म्हणाली.

त्याने आवाज खाली आणून विचारलं, कोण आहे का घरात? ती म्हणाली, कोणी नाही, पोरगी झोपली आहे. मग तो समजावू लागला. राखी समोर आल्यावर काय करणार होतो, बाईचा चेहरा बघितलास ना, त्या वेळी सांगितलं असतं तर आपल्या दोघांना खोटं ठरवून हाकललं असतं तुला. आणखी सहा महिने थांबू. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं दादा, ठेवते, कपडे वाळत घालायचे आहेत.

बुधवारी स्वतः जेनने त्याला फोन केला. चार्ल्सशी बोलून तिने ठरवलं होतं की आता दर शुक्रवारी दोन तास शालूला सुट्टी. भावाबरोबर जाऊ दे कुठे जायचं तिथे. आम्हाला आता काही काळजी नाही, ती म्हणाली. आबासाहेबाने दोनदा आभार मानले. फोन ठेवल्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं की आपलं फार चुकलं नाही. एका वाक्याने जे मिळालं नसतं, ते न बोलता मिळालं होतं.

सव्वीस तारखेला दीड वाजता तो इमारतीखाली उभा होता. दाढी केली होती, अत्तर लावलं होतं. राखी ब्लेडने कापून टाकली होती. शालू खाली आली. कुठे जायचं, त्याने विचारलं. मित्राची खोली दोन तास मोकळी आहे, एवढं सांगून तो थांबला. ती म्हणाली, भूक लागली आहे, मागच्या वेळच्या हॉटेलात जाऊ.

दारात तीच मुलगी होती. फॅमिली? तिने विचारलं. आबासाहेब या वेळी लगेच हो म्हणाला. शालूला वर्षभरात कामापुरतं इंग्रजी आलं होतं.

“माय ब्रदर,” ती म्हणाली.

मुलीने ओळखून हसून दोघांना आत नेलं, पार्टिशनच्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी. आजूबाजूला कोणी नव्हतं. लग्नानंतर दोघं प्रथमच अशी हॉटेलात समोरासमोर बसली होती. आबासाहेबाने टेबलावरचा तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने त्याच्या मनगटाकडे पाहिलं.

“काढलीस व्हय राखी?” ती म्हणाली. “मॅडमनी फोटो फ्रेम केलाय. तुला एक कॉपी दिलीय.”

तिने पिशवीतून लिफाफा काढून त्याच्यापुढे ठेवला. लग्नाच्या बारा वर्षांत ती त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाली होती, आणि तेही रागात नाही. सख्ख्या भावाशी बोलतात तसं. त्याने लिफाफा उघडला नाही. शालू, असं करू नको, तो म्हणाला. आज सांगतो, आत्ता जाऊन दोघांना सांगतो.

ती मेन्यूकार्ड बघत होती. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रं होती. मुलगी आली तेव्हा तिने एका चित्रावर बोट ठेवलं आणि एक बोट वर केलं. ताटली आली. बदकाची मांडी, तुकडे करून मांडलेली. श्रावण संपायला अजून आठ दिवस होते. शालूने ताटली त्याच्यासमोर सरकवली आणि स्वतःसाठी पाणी ओतून घेतलं.

“खा दादा,” ती म्हणाली. “चारला बस हाय तुझी.”